तिसरा ठोका

६४ दिवस उरले

मुकादमाने आज ही वही दिली. "मावशी, प्लेटांचे नंबर हिच्यात लिहीत जा," म्हणाला. चाळीस वर्षं मी नंबर खडूने पाटीवर लिहिले, आता म्हातारपणी वही कशाला? म्हणून ती घरी आणली आणि स्वतःसाठी ठेवली. शाळेचं तोंड मी पाहिलेलं नाही. अक्षरं शिकले ती लोखंडावर रंगवलेली, वीत-वीत उंचीची. त्यामुळे माझं अक्षर अजून अंगापिंडाने थोराड आहे, पानावर चार वाक्यं मावतात. वही लवकर संपेल. संपू दे. भिंतींशी किती बोलणार माणूस?

तारीख घालत नाही. जहाजांच्या आवाराच्या फाटकावर मोठा फलक आहे, थोरली सुटायला किती दिवस उरले तो आकडा रोज सकाळी बदलतात. सगळं गाव त्याच आकड्यावर चालतं. शेजारची गरोदर सूनसुद्धा सांगते, "वीस उरले असताना मोकळी होईन."

थोरली म्हणजे ते जहाज. कागदोपत्री तिला नुसता नंबर आहे. थोरली हे नाव आमचं, घरातल्या थोरल्या जावेसारखं. तिच्या कलाने घ्यायचं आणि तिच्यासमोर आवाज चढवायचा नाही. चाळीस पायांवर ती गावाच्या डोक्यावर उभी आहे, एकेक पाय आमच्या गल्लीएवढा रुंद. नाकापासून शेपटापर्यंत चालत गेलं तर एक पाळी संपते. पुढे तोफांची अकरा तोंडं आहेत, सध्या ताडपत्रीने झाकलेली. एका तोंडात आमची शाळा पटांगणासकट मावेल. बारा वाजले की तिची सावली गावावर येते ती पाचापर्यंत हलत नाही. भर दुपारी दिवा लावून जेवतो आम्ही.

गेल्या वर्षी ती वरच्या लढाईतून परत आली. जिंकून आली असं भोंग्यावर सांगितलं. ती जिथे गेली होती तिथला एक उजेडाचा ठिपका पूर्वी आभाळात दिसायचा, तो आता दिसत नाही, असं शेजारीण म्हणते. मी काही पाहिलं नाही. मला लवकर झोप येते.

सहा वर्षं घरी बसल्यावर मी पुन्हा कामावर आले ते एकाच कारणाने. माझी लेक, बारकी, या खेपेला थोरलीवर जातेय. हवाबंद दारांवर नेमणूक आहे. वर बाहेर हवा नाही, काही नाही. आत आणि बाहेर यांच्या मध्ये फक्त एक लोखंडी प्लेट. ती प्लेट मी वाजवून घेणार. माझ्या लेकीच्या उशामागची भिंत दुसऱ्या कुणाच्या भरवशावर सोडायला मी तयार नाही.

६२ दिवस उरले

आम्हाला आवारात ठोकेवाले म्हणतात. लोखंडातला तडा शोधायची यंत्रं होती, ती सगळी थोरली बरोबर घेऊन गेली आणि परत आणली नाहीत. राहिलो आम्ही आणि आमचे हातोडे.

काम साधं आहे. प्लेट साखळीला टांगतात. तीन ठोके मारायचे आणि जिवाचा कान करून ऐकायचं. आवाज आधी भरतो, मग त्याला शेपूट फुटते, बारीक, लांब, केसासारखी. ती संपेपर्यंत श्वाससुद्धा सोडायचा नाही. शेपूट लांब गेली तर प्लेट खणखणीत. मध्येच तुटली तर आत तडा आहे, डोळ्याला दिसो न दिसो. प्लेट बद्द.

मला हे कुणी शिकवलं नाही. माझी आई मडकी विकायची. मी पाच वर्षांची असल्यापासून मडक्यांना टिचक्या मारत बसायची. आवारातल्या एका साहेबाला मी बाजारात सांगितलं, "हे नका घेऊ, बद्द आहे." तो मी निवडलेलं मडकं घेऊन गेला आणि दुसऱ्या दिवशी मलाही घेऊन गेला. म्हणून माझा ठसा मडक्याचा. प्लेट पास झाली की कोपऱ्यात पोलादी ठसा मारते, एवढंसं मडकं.

ठशाचा नियम कडक आहे. ज्याने मारला त्यानेच मोडायचा, छिन्नीने आडवी रेघ मारून. साहेब असो नाहीतर साहेबाचा बाप, दुसऱ्याने दुसऱ्याच्या ठशाला हात लावायचा नाही.

आज सत्तर प्लेटा झाल्या. सगळ्या खणखणीत. हल्लीचं लोखंड चांगलं निघालंय.

५९ दिवस उरले

किटलीची शिट्टी बिघडली. पाणी आटून बूड काळं झालं तरी शिट्टी नाही. नवी आणली, तीही मुकी. वस्तू कशा करतात हल्ली! दुकानदाराशी भांडले तर तो माझ्या तोंडाकडे बघतच राहिला.

थोरली आल्यापासून खिडकीवरच्या चिमण्याही गेल्या. म्हणजे दिसतात, दाणे टिपतात, पण चिवचिव करत नाहीत. सावलीने भेदरल्या असतील बिचाऱ्या.

५६ दिवस उरले

माझ्याबरोबर एक तरुण ठोकेवाली आहे. अंगाने अशी की वाऱ्याने उडेल. सगळे काडी म्हणतात. तिचा ठसाही नुसती उभी रेघ. पोरगी कामाला चोख, पण नाकाने कांदे सोलते. दहातली एक प्लेट बद्द म्हणून बाजूला काढते. मुकादमाचं तोंड त्यामुळे आठवडाभर वाकडं आहे.

आज तिने मी पास केलेली प्लेट उगाच वाजवून पाहिली. मग माझ्याजवळ आली.

"मावशी, ही पुन्हा ऐका."

मी पुन्हा तीन ठोके मारले. "खणखणीत आहे की."

"शेपूट ऐकली तुम्ही?"

"ऐकली म्हणजे? तू जन्मली नव्हतीस तेव्हापासून ऐकतेय."

"मावशी, रागावू नका, पण तिला शेपूटच नाही."

"तुझ्या कानात मळ असेल. कोमट तेल घाल."

सगळे हसले. ती नाही हसली. नंतर मला जरा वाईट वाटलं. माझ्या डब्यातला अर्धा घास तिला दिला, तिने घेतला, पण मान खाली घालून खाल्ला.

५५ दिवस उरले

काडीची बदली झाली. खिळे निवडायच्या खोलीत बसवलंय. मुकादम म्हणाला, "मावशी, तुमच्या कानापुढे दुसरा कान कशाला? तुम्ही एकट्या चौघांचं काम काढता." मला पाठीची खुर्ची आणून दिली आणि दर दोन तासांनी चहा. इतकी वर्षं राबले, कुणी स्टूल विचारलं नव्हतं. म्हातारपणी माणसाची किंमत कळते लोकांना.

४८ दिवस उरले

आज मरता मरता वाचले. आतल्या रुळांवरून ट्रॉली आली ती थेट पाठीत. एका वेल्डरने दंडाला धरून ओढलं. मी ट्रॉलीवाल्याची चांगली खरडपट्टी काढली, घंटा काय शोभेला लावलीय?

तो रडकुंडीला आला. "मावशी, शप्पथ, फाटकापासून वाजवत आलोय."

खोटारडा! वेल्डरही त्याचीच बाजू घेत होता. एका पाळीतले सगळे एकमेकांना सांभाळून घेतात.

३३ दिवस उरले

आज थोरलीच्या नाकावरची काजळी खरवडायला आम्हा सगळ्यांना परांचीवर चढवलं होतं. पुढचा भाग अजून लढाईतला तसाच आहे, कढईच्या बुडासारखा काळा. एका फटीत काहीतरी अडकलेलं मला दिसलं. बोटाने उकरून काढलं तर कौल! आपल्या घरांवर असतं तसं, मातीचं, भाजलेलं, अर्धा हात लांब.

वर गेलेल्या जहाजाच्या नाकात घराचं कौल कसं अडकतं कोण जाणे. सापडलेली वस्तू जमा करायचा हुकूम आहे, पण मी पदराखाली घालून घरी आणलं. मडकीवालीची लेक मी, माती बघून हात राहिला नाही. हातानेच थापलेलं आहे, साच्यातलं नाही. आणि एका टोकाला मांजराचं पाऊल उमटलंय. चार बोटं आणि गादी, सुबक. ओलं असताना कुणीतरी उन्हात वाळत घातलं असणार, आणि मांजर चालून गेलं असणार. आई असताना आमच्याकडे हेच व्हायचं. आई मांजराच्या मागे लाटणं घेऊन पळायची.

टिचकी मारून पाहिली. खणखणीत. खिडकीत ठेवलंय.

१९ दिवस उरले

बारकी दोन दिवसांच्या रजेवर आली. केस कापलेत, गणवेशात माझ्या बाबासारखी दिसते. येताच कुरकुर सुरू.

"आई, किटली केव्हाची बोंबलतेय, उतरव ना!"

"कोणती किटली? ती मुकी आहे."

ती माझ्याकडे बघत राहिली. स्वतः जाऊन किटली उतरवली.

दुपारी सावली आल्यावर दिवा लावून जेवायला बसलो. तिची नजर खिडकीतल्या कौलाकडे गेली.

"हे कुठून आणलंस?"

"थोरलीच्या नाकातून. बघ, मांजराचं पाऊल. कित्ती गोड."

तिने कौल हातात घेतलं आणि घास ताटातच राहिला. कितीतरी वेळ त्या पावलावर बोट फिरवत होती. तिला म्हटलं, वाजवून बघ, माती कशी पक्की आहे. लहानपणी तिला मीच शिकवलंय. तिने टिचकी मारली. मग दुसऱ्या बाजूला मारली.

"बद्द आहे, आई."

"वेडी आहेस का? मी ऐकलंय."

"तडा गेलाय. ऐक." पुन्हा मारली.

मला शेपूट ऐकू आली. देवाशपथ ऐकू आली, बारीक, लांब. बारकीने कौलावर वाटीभर पाणी ओतलं आणि धरून बसली. थोड्या वेळाने खालच्या अंगाने एक ओली रेघ फुटली, मधोमध, मांजराच्या पावलातून.

पाणी खोटं बोलत नाही. मग मला ऐकू आलं ते काय होतं?

बारकीने माझा हात धरला. "आई, कधीपासून?"

मी म्हटलं, "जेव, निवतंय."

१८ दिवस उरले

कामावर गेले ते तेलाची बाटली आणि खडूची भुकटी घेऊन. ही पद्धत जुनी आहे. प्लेटला तेल लावायचं, पुसायचं, वर भुकटी पसरायची आणि तासभर थांबायचं. तडा असेल तर तेल बाहेर येऊन पांढऱ्यावर काळी रेघ उठते. एका प्लेटला तास, म्हणून चार हजार प्लेटांना कुणी करत नाही.

माझा ठसा असलेल्या पाच प्लेटांना केलं. खुर्चीत बसून त्यांच्याकडे बघत राहिले. तीन पांढऱ्या राहिल्या. दोन प्लेटांवर रेघ उठली, हळूहळू, पांढऱ्या केसांतून भांग पडावा तशी.

आता सगळं उलगडतंय. किटली. चिमण्या. ट्रॉलीवाल्याला मी खोटारडा म्हटलं. काडीच्या कानात तेल घालायला सांगितलं. आवाज भरतो तोवर मला ऐकू येतो, पुढची शेपूट माझ्या मनाची. चाळीस वर्षं ऐकून ऐकून पाठ झालेली, कान गेले तरी मन म्हणत राहतं.

चार हजार शंभर प्लेटा. सगळ्यांवर माझं मडकं.

१७ दिवस उरले

मुकादमाच्या खोलीत गेले. दार लावलं आणि सगळं सांगितलं. वाटलं, हा कपाळाला हात लावेल, ओरडेल, मला हाकलेल. तो टेबलावरचा कागद नीट करत बसला.

"मावशी, तुम्हाला बोलावलं तेव्हाच मला माहीत होतं," म्हणाला. आता तो सावकाश, माझ्या तोंडासमोर बोलत होता. मला दिसलं की तो पहिल्यापासून माझ्याशी असाच बोलत आलाय. "सहा वर्षांपूर्वी तुम्ही घरी बसलात ते का, आठवतं? सुटीचा भोंगा झाल्यावरही तुम्ही ठोके मारत होतात."

"मग मला कशाला बोलावलंत?"

"काडीसारख्या चौघी बसवल्या असत्या तर थोरली वर्षभर सुटली नसती. वरून तारीख आलीय. तुमच्या ठशावर अख्ख्या आवाराचा विश्वास आहे. मला कान नको होता, मावशी. ठसा हवा होता."

माझे हात मांडीवर होते, ते दुसऱ्याच कुणाचे असावेत तसे मी बघत होते.

"वर जाऊन एखादी भिंत फाटेल, एखादी नाही फाटणार," तो म्हणाला. "पण तुमची लेक आहे, ते मी विसरलेलो नाही. तिचं नाव काढून इथल्या कोठारात लावतो. तुम्ही फक्त सुटायच्या दिवशी थोरलीच्या दारातल्या उंबऱ्यावर तीन ठोके मारा, नेहमीसारखे, म्हणजे खलाशी आत जातील. एवढंच."

१६ दिवस उरले

हो म्हणाले. इथे लिहिते, कारण दुसरीकडे कुठे बोलता येणार नाही. त्याच्यासमोर मान हलवली आणि बाहेर येऊन पायरीवर बसले. बारकी वाचली, या आनंदाने रडू आलं. आनंदानेच आलं असावं.

११ दिवस उरले

अन्न जात नाही. आवारात खलाशी भेटतात, "काय मावशी, आमच्या भिंती बऱ्या आहेत ना?" म्हणून थट्टा करतात. एकाने वाकून नमस्कार केला. मी हातोडा शोधायचं निमित्त करून खाली बसले.

तीन हजार माणसं आहेत. प्रत्येकाच्या उशामागे माझं मडकं.

६ दिवस उरले

बारकी आली ती चपला न काढताच आत. नाव कोठारात लागल्याचं तिला आज कळलं. मुकादमाकडे जाऊन तिने सगळं वदवून घेतलं होतं.

"तू माझं नाव काढायला लावलंस?"

"तुला काय करायचंय? इथे राहशील, रोज घरचं जेवशील."

"माझ्या खाटेवर आता कोण झोपणार, माहितीये? पाव विकणारणीचा मुलगा. तो तुला आजी म्हणतो, आई. त्याला सांगू का तू त्याला माझ्या जागी घातलंस म्हणून?"

"बारके, हळू."

"हळू कशाला? तुला ऐकू कुठे येतं?"

असं बोलून तीच तोंड दाबून रडायला लागली. मग माझ्या मांडीवर डोकं ठेवून बसली, तेवढी मोठी बाई. उठताना म्हणाली ते तिने माझा चेहरा दोन्ही हातांत धरून सांगितलं, एकेक शब्द. "मी नाव परत घालून आलेय. रांगेत उभी असेन. तू ठोके मारलेस तर मी आत जाईन."

मला शिस्त लावायला गेली की आई म्हणायची, तुझी लेक तुझ्यावर जाईल तेव्हा कळेल. कळलं.

० दिवस

आजच लिहिते.

जहाज सुटण्याआधी सगळे खलाशी दारासमोर रांगा करून उभे राहतात, टोप्या हातात घेऊन. मुख्य ठोकेवाला उंबऱ्याच्या प्लेटवर तीन ठोके मारतो. तिसऱ्या ठोक्याची शेपूट संपली की पहिला माणूस पाऊल आत टाकतो. आतली प्रत्येक भिंत अशीच वाजते, असा त्या ठोक्यांचा अर्थ. तीन ठोके झाल्याशिवाय आजवर कुणी आत गेलेलं नाही.

साहेब लोक मांडवात बसले होते. तोफांवरच्या ताडपत्र्या काढल्या होत्या. मी पहिल्यांदाच ती अकरा तोंडं उघडी पाहिली. आत काळोख होता, विहिरीत असतो तसा. मान वर करून बघणारी माणसं त्यांच्याखाली मुंग्यांसारखी. मला वाटलं, हिला काय कळणार आत कोण आहे आणि खाली कोण आहे.

पहिला ठोका मारला. सगळं आवार गप्प. दुसरा मारला. उंबऱ्याची प्लेट निवडून घेतलेली, ती खणखणीतच असणार. सगळ्यांच्या चेहऱ्यावर आवाज जाताना दिसत होता. मला फक्त चेहरे दिसत होते.

बारकी तिसऱ्या रांगेत होती. टोपी छातीशी. माझ्याकडे बघत नव्हती, उंबऱ्याकडे बघत होती.

हातोडा उचलला आणि खाली ठेवला. कमरेची छिन्नी काढली. गुडघ्यावर बसायला वेळ लागला, हाडं कुरकुरली असतील, मला ऐकू आलं नाही. कोपऱ्यातल्या मडक्यावर छिन्नी धरली आणि आडवी रेघ मारली.

मग उभी राहून मोठ्याने सांगितलं. आवाज किती मोठा होता ते मला कळलं नाही. "माझा कान गेलाय. आतली एकही भिंत मी ऐकलेली नाही."

पुढच्या रांगेतल्या एका दाढीवाल्याने टोपी डोक्यावर घातली. मग शेजारच्याने. मग रांगच्या रांग, तीन हजार टोप्या. टोपी घालणं म्हणजे आम्ही आत जात नाही. मुकादम माझ्याकडे येताना दिसला, त्याचं तोंड हलत होतं, मी डोळे मिटून घेतले.

फलक कोरा

दोन आठवडे झाले. आकडा पुसून टाकलाय. गावाला दिवस मोजता येईनात.

मला आवारातून काढलं. शेजारीण दार लावून घेते. दुकानदाराने मला सामान शेवटी दिलं, सगळ्यांच्या नंतर. कुणी तोंडावर बोलत नाही, पाठ फिरवून बोलतात. त्यांना वाटतं मला समजत नाही. पाठीवरूनही समजतं.

काडीला परत आणलंय. तिच्या हाताखाली आठजणी. सगळ्या प्लेटा पुन्हा वाजवताहेत. बद्द निघाली की मला बोलावणं येतं, कारण ठसा माझा, मोडायचा मीच. मग मी छिन्नी घेऊन जाते. आज एकशे बारा ठसे मोडले. काडी माझ्यासाठी शेजारी खुर्ची ठेवते. तिने एकदाही ते तेलाचं बोलणं काढलं नाही. मीच म्हटलं, "काडे, तेव्हा मी तुला बोलले."

ती माझ्याकडे तोंड करून म्हणाली, "मावशी, घातलं होतं मी तेल. काही फरक पडला नाही." आणि हसली. इतक्या दिवसांत मी पहिल्यांदा हसले.

फलक कोरा

सहाशे नव्वद बद्द निघाल्या. सगळ्या काढून नव्या बसवल्या. बारकीच्या उशामागची त्यांतलीच एक. मी तिच्यावर रेघ मारताना हात जरा जास्तच जोरात चालवला.

संध्याकाळी फलकावर पुन्हा आकडा लागला. ५.

१ दिवस उरला

मुकादम घरी आला. मी त्याला बस म्हटलं नाही, तो बसला. हातात शिक्का मारलेला कागद होता. वरून शाबासकी आली आहे, म्हणाला. नव्या भिंती घातल्यामुळे थोरली पहिल्यापेक्षा भक्कम झाली. आता पूर्वीपेक्षा लांब जाऊ शकते, जास्त दिवस लढू शकते. "तुमच्या त्या रेघेमुळे, मावशी. मी तर नोकरी गेली समजलो होतो."

मी कागद घेतला. नको म्हणायचं सुचलं नाही.

तो गेल्यावर कागद कुठे ठेवावा कळेना. शेवटी कौलाखाली ठेवला, उडू नये म्हणून.

० दिवस

बोलावण्याशिवाय मला आवारात जायची परवानगी नव्हती. काडीने हाताला धरून नेलं, म्हणाली हे माझं माणूस आहे.

बारकी रांगेत जाण्याआधी भेटली. मी तिच्या कॉलरचं बटण लावलं, ते लागलेलंच होतं.

"आई, ते कौल टाकून दे."

"का गं? राहू दे की. बारके, तू जातेस तिथेही मांजरं असतील?"

तिने तोंड वळवलं. वळवल्यावर काहीतरी बोलली, तिचे खांदे हलले. पण तोंड दिसलं नाही, तर मला काय कळणार? मग ती वळली, माझ्या कपाळाला कपाळ लावलं आणि पळत रांगेत गेली.

काडीने तीन ठोके मारले. मी हातोडा खाली येताना मोजला, एक, दोन, तीन. मग सगळे थांबले. किती थांबले! तेवढी लांब शेपूट माझ्या उमेदीच्या काळातही मी ऐकली नसेल. मी काडीच्या कोपराला हात लावला.

"कशी वाजली?"

"खणखणीत, मावशी," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते.

बारकी आत गेली. तिने पाऊल उजवं टाकलं की डावं, ते गर्दीत दिसलं नाही.

थोरली गेली

आज दुपारी बारा वाजले आणि सावली आलीच नाही. बायका सवयीने दिवे लावायला उठल्या आणि हसायला लागल्या. वर्षाने दुपारचं ऊन आलं. सगळ्यांनी अंथरुणं, गाद्या, ओले कपडे बाहेर काढले. शेजारणीचं दारही उघडं होतं. तिची सून बाळाला तेल लावून उन्हात घेऊन बसली होती. त्याचं तोंड उघडं, मूठ वळलेली, चांगलंच रडत असावं.

माझ्या खिडकीतही ऊन आलं, थेट कौलावर. इतके दिवस दिव्याच्या उजेडात दिसलं नव्हतं. मांजराच्या पावलाशेजारी एक बोट उमटलंय. छोटं. कुणीतरी मांजराला हाकलायला हात पुढे केला असेल आणि ओल्या मातीला लागला असेल.

भिंती आता सगळ्या चांगल्या आहेत. बारकी रात्री निर्धास्त झोपेल. ते मी केलं.

दुपारभर खिडकीत बसून राहिले. ती सावली आता कुठेतरी जातेय. जिथे पोचेल तिथे भर दुपारी अंधार होईल, आणि कुणीतरी बाई अंगणात वाळत घातलेली कौलं आत घ्यायला धावेल. पाऊस आला असं वाटेल तिला.